कोरे रकाने

बांगड्याचा कल्ला उचलून बघा. लालभडक झालरीच्या आतल्या अंगाला, घशाच्या बाजूने, फिकट काड्यांची एक दाट रांग दिसेल, फणीच्या दातांसारखी. सुरमईच्या कल्ल्यात असे दात मोजके आणि आखूड असतात, कारण ती दुसरे मासे गिळून जगते. बांगड्याचे मात्र इतके लांब की त्याने तोंड उघडलं की आत पीस अडकल्यासारखं दिसतं. मालवणच्या आमच्या घरी आजी मागीलदारी बांगडे कापायला बसली की आजो तिथेच सुपारी कातरत बसायचा. एकदा त्याने बांगड्याचं डोकं उचलून माझ्यापुढे धरलं. "ही बांगड्याची चाळण गो चेडवा. तुझी आवस पीठ चाळता, तसो ह्यो पाणी चाळता." पाण्यात चाळण्यासारखं काय असतं, असं मी विचारलं. त्याने सुरीच्या टोकाने पोट उघडलं. आत हिरवट तपकिरी लगदा होता, भिजवलेल्या मेंदीसारखा. "ह्यां दर्याचां पीठ," तो म्हणाला. ते कशाचं असतं, ते त्याला ठाऊक नव्हतं आणि तसं त्याने सांगितलंही.

पुढे प्राणिशास्त्र शिकून मी एका सागरी प्रयोगशाळेत तांत्रिक सहायक झाले आणि तीस वर्षं ते पीठ सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. त्याचं शास्त्रातलं नाव प्लवक. पाण्याबरोबर वाहत जाणारे, प्रवाहाविरुद्ध जाण्याची ताकद नसलेले सूक्ष्म वनस्पती आणि प्राणी. जर्मनीत कील इथल्या व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ साली त्यांना 'प्लँक्टन' म्हटलं. भटके या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. शेतातलं पीक मोजतात तसं समुद्रातलं पीक मोजता आलं पाहिजे, हा हेन्सेन यांचा ध्यास होता. त्यासाठी त्यांनी जाळी शिवली ती पिठाच्या गिरणीत मैदा चाळायला वापरतात त्या रेशमी कापडाची. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजो जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याला ते सांगायला हवं होतं, असं आजही वाटतं.

आजो रापणकर होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं, आणि ते जाळं सामायिक असलेल्या माणसांचा संघही. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर धरून ठेवायचा. होडी जाळं सोडत सोडत पाण्यात अर्धा फेरा घेऊन दूरवर पुन्हा किनाऱ्याला लागायची. मग दोन्ही दोरांना माणसांच्या रांगा लागायच्या, आणि जाळं हळूहळू वाळूवर यायचं. मासळीचे वाटे पडायचे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. जाळी तेव्हा सुताची असत. ती कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळूवर सुकवत. मालवण, वेंगुर्ल्यापासून गोवा आणि कारवारपर्यंत हीच रीत होती.

रापण माशाच्या मागे जात नाही. मासा किनाऱ्याजवळ यावा लागतो, तेव्हाच ती चालते. म्हणून रापणीत सगळ्यात मानाचं काम ओढण्याचं नसून बघण्याचं. उंचावर उभं राहून पाण्यावर नजर ठेवायची, कुठे काळसर डाग सरकतोय, कुठे पक्षी घिरट्या घालतायत. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा आला की तिथून हाक यायची. आजोने हे काम बरीच वर्षं केलं.

त्याची एक वही आमच्याकडे आहे. लांबट, हिशेबाची. तिथी, मासळी, टोपल्यांचा आकडा, वाटे. अधूनमधून समासात शिसपेन्सिलीने पाण्याची नोंद: पाणी तांबडां. पाण्याक वास. पाणी पेटलां. प्रत्येक हंगाम नारळी पुनवेनंतर सुरू होतो, वर 'श्री' लिहून. आणि ज्येष्ठ लागला की नोंदी थांबतात. आगोटीला होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या, जाळी माळ्यावर गेली, की पुनवेचा नारळ दर्याला मिळेपर्यंत वहीत एक ओळ नाही. दर्या खवळलेला असताना लिहिणार तरी काय?

माझ्या प्रयोगशाळेतली नोंदवहीही तशीच निघाली. दर पंधरवड्याला ठरलेल्या जागी जाळं ओढायचं, तापमान, क्षारता, प्लवकांची संख्या लिहायची. रकाने छापील होते. सुरुवातीच्या कितीतरी वर्षांत जून, जुलै, ऑगस्ट हे रकाने कोरे राहिले. आमची नाव छोटी, खाडीच्या मुखावर लाटा फुटायच्या, आणि पावसाळ्यात नाव पाण्यात घालायची परवानगी मिळत नसे. मागणी अर्ज मीच टंकून पाठवायचे. उत्तर यायचं, पावसाळा संपल्यावर नमुने घ्यावेत. दोन वह्या, दोन पिढ्या, आणि दोन्हींत तेच तीन महिने रिकामे. नेमक्या त्याच महिन्यांत आमच्या समुद्राचं वर्षाचं पीक उभं राहतं, हे मला समजायला बराच काळ लागला.

होतं ते असं. उन्हाळ्यात किनाऱ्याजवळचं पाणी तापून हलकं होतं आणि तळाच्या थंड पाण्यावर झाकणासारखं बसतं. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट ही खतं खाली तळाशी, ऊन मात्र वर. दोघांची गाठ पडत नाही. पाणी नितळ आणि भुकेलं. मग नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात, किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून खोल समुद्राकडे ढकललं जातं, आणि त्याची जागा घ्यायला तळाचं थंड, खतं भरलेलं पाणी वर सरकतं. केरळच्या किनाऱ्याला हे लवकर आणि जोमाने होतं. गोवा, मालवणकडे येईपर्यंत जोर मंदावतो. त्यात आपल्या नद्या डोंगरातली माती आणि सिलिकेट आणून ओततात.

या खतांवर पहिल्यांदा वाढतात ते डायटम. एकपेशी वनस्पती, काचेच्या डबीत राहणाऱ्या. खरोखरच काचेच्या, कारण त्यांचं कवच सिलिकाचं असतं. कॉसिनोडिस्कस नाण्यासारखा गोल, त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी. कीटोसेरॉसच्या पेशी हातात हात धरून साखळी करतात, प्रत्येकीला केसासारखे लांब काटे. अनुकूल पाण्यात डायटम दिवसातून एकदा तरी दुभंगतो. एकाचे दोन, दोनाचे चार, दहा दिवसांत एकाचे हजारावर. ढग फाटून चार दिवस ऊन पडलं की पाण्याचा रंग पालटतो. त्यांना खायला कोपेपॉड येतात, तांदळाच्या कणीहून लहान कवचधारी जीव. आणि या सगळ्यांना चाळून खायला बांगडा आणि तारली येतात. त्यांची अंडी घालण्याची वेळही पावसाळ्याचीच. पिल्लं जन्मतात ती भरल्या ताटावर.

म्हणजे नारळी पुनवेला रापण घालणारा आजो ज्या पिकाची कापणी करत होता, त्याची पेरणी होड्या शाकारलेल्या असताना, कुणाच्याही डोळ्यांआड झालेली असे. त्याला कापणीचा दिवस बिनचूक ठाऊक होता. पेरणी त्याने पाहिलेली नव्हती, आणि ती पाहायला शास्त्रालाही पुष्कळ वर्षं लागली.

हे कोरे रकाने भरण्याचा इतिहास मलबार किनाऱ्यावर सुरू होतो. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्यात जेम्स हॉर्नेल नावाचे अधिकारी होते. तारलीचं पीक एका वर्षी उदंड, तर एका वर्षी नाहीसं, याचं कोडं त्यांना सोडवायचं होतं. पावसाळ्यानंतर मलबारच्या किनाऱ्याला कधी कधी मेलेल्या माशांचे खच लागत. पाण्यात बेसुमार वाढलेले एकपेशी जीव त्याला कारण आहेत, हे त्यांनी १९१७ साली लिहिलं. १९२०च्या दशकात त्यांनी आणि नायडू यांनी तारलीच्या जीवनक्रमावर काम केलं, आणि तारलीच्या पोटातल्या अन्नाबरोबर त्या किनाऱ्याच्या प्लवकांच्या नोंदी मांडल्या. माशाचं नशीब पाण्यातल्या या पिठाशी बांधलेलं आहे, हा विचार आपल्या किनाऱ्याबाबत तिथे पहिल्यांदा नीट कागदावर आला.

३ फेब्रुवारी १९४७ रोजी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्र सुरू झालं आणि कालिकतला वेस्ट हिलच्या किनाऱ्यावर काम चालू लागलं. १९५० साली भीमाचार आणि जॉर्ज यांनी मलबार आणि कॅनरा किनाऱ्यांवर चालू हंगाम अचानक का मोडतो, यावर निबंध लिहिला. संशय होता 'लाल पाण्या'वर. नॉक्टिल्यूका नावाचा जीव अफाट वाढला की पाणी तांबूस होतं आणि बांगडा, तारली तिथून निघून जातात. कॅनराचा उत्तर भाग म्हणजे कारवारची बाजू, तेव्हा मुंबई राज्यात. तिथे रापणीवर जगणारी गावंच्या गावं होती. तो निबंध वाचताना मी आजोची वही उघडली. एका कार्तिकात, चांगली मासळी लागत असताना, समासात 'पाणी तांबडां' आणि पुढे सहा दिवस टोपल्यांच्या जागी शून्य.

नॉक्टिल्यूका हा नुसत्या डोळ्यांनी दिसणारा एकपेशी जीव. नमुन्याची बाटली उजेडात धरली की भिजलेल्या साबुदाण्याचे अगदी बारीक दाणे तरंगावेत तसा दिसतो. रात्री त्याला धक्का लागला की निळसर प्रकाश देतो. काळोख्या रात्री थोडा असेल तर उपकाराचा, कारण थवा हलला की पाण्यात उजेडाची रेघ उमटते. दाट झाला तर जाळ्याचा प्रत्येक फास उजळतो आणि मासा सावध होतो. "पाणी पेटलां. आज रापण घालूची नाय," हे आजोचं वाक्य मी लहानपणी भीतीने ऐकत असे. मला वाटे, खरंच आग लागली.

कोऱ्या रकान्यांचं खरं काम केलं आर. सुब्रह्मण्यन यांनी. कालिकतला त्यांनी वर्षानुवर्षं पाणी मोजलं, पावसाळ्यासकट. १९५९ साली त्यांचं पश्चिम किनाऱ्याच्या वनस्पती प्लवकांवरचं मोठं काम प्रसिद्ध झालं. त्यातून दिसलं की आपल्या किनाऱ्याला वर्षातलं सर्वांत मोठं पीक वसंतात नव्हे, तर नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत येतं, आणि ते जगातल्या सुपीक मानल्या गेलेल्या समुद्रांच्या तोडीचं असतं. युरोपातल्या पुस्तकांत वसंतातला बहर शिकलेल्या सगळ्यांना ही गोष्ट नवी होती. कॉलेजात माझ्या पाठ्यपुस्तकातही युरोपचाच आलेख होता, मार्च-एप्रिलमध्ये उंच शिखर असलेला. आमच्या मार्च-एप्रिलमध्ये समुद्रात पीक सगळ्यात कमी असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुब्रह्मण्यन यांचं आणखी दोन गोष्टींसाठी नाव घ्यायला हवं. १९५५ साली नायर आणि त्यांनी दाखवलं की फ्रॅजिलेरिया ओशियानिका हा एक डायटम पाण्यात भरपूर दिसला की तारली भरपूर येते. इतक्या लहान वस्तूवरून इतक्या मोठ्या धंद्याचा अंदाज! आणि १९५४ साली, मलबारचं पाणी हिरवं करून मासे मारणाऱ्या एका जिवाचं त्यांनी वर्णन केलं आणि हॉर्नेल यांच्यावरून नाव ठेवलं हॉर्नेलिया मरीना. मत्स्य अधिकाऱ्याच्या नावाने एक सूक्ष्म जीव. पुढे १९८२ साली जपानी शास्त्रज्ञांनी तो चॅटोनेला या गोत्रात घातला. त्याच गोत्रातल्या जिवांनी १९७२ साली जपानच्या सेतो समुद्रात मत्स्यशेतीतले लाखो मासे मारले होते. कालिकतच्या पाण्यात ओळखलेला जीव जपानच्या बंदरात कामाला आला, तो कुणीतरी बसून त्याचे कशाभ मोजले होते म्हणून.

१९६०च्या आसपास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम निघाली. अनेक देशांची जहाजं, सगळ्यांकडे एकाच मापाचं प्रमाण जाळं, आणि त्यातून आलेल्या प्राणी प्लवकांच्या बाटल्या वेगळ्या करायला कोचीनला केंद्र. त्या मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली आणि पुढे गोव्यात दोना पावलाला स्थिरावली. पहिले संचालक एन. के. पणिक्कर. १९७८ साली देवासी, भट्टतिरी आणि कासिम यांनी गोव्याच्या किनाऱ्यावरच्या ट्रायकोडेस्मियमबद्दल लिहिलं, म्हणजे फेब्रुवारी ते मे या काळात पाण्यावर लाकडाच्या भुशासारखे तपकिरी पट्टे तरंगतात ते. सगळी खतं संपलेल्या भुकेल्या पाण्यात हा जीव हवेतला नायट्रोजन स्वतःच बांधून घेतो. शेतात आपण द्विदल घेतो तसं, पावसाळ्याआधीचं.

१९८७च्या पावसाळ्यात मात्र एक संशोधन जहाज पश्चिम किनाऱ्यालगत फिरलं. गोव्याचे सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी त्या मोजमापांवरून १९९० साली दाखवलं की पावसाळ्यात किनाऱ्यावर तळाचं पाणी नेमकं कुठे, किती वर येतं. आणि १९९७पासून गोव्यात कांदोळीसमोर एकाच जागी पाणी मोजत राहण्याचं काम सुरू झालं. पावसाळ्याच्या शेवटी तिथल्या तळाच्या पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो, कुजक्या अंड्याचा वास देणारा वायू तयार होतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी हे २०००मध्ये जगासमोर मांडलं. पीक जितकं मोठं, तितकं त्याचं गाळात पडून कुजणं मोठं. आजोच्या समासातलं 'पाण्याक वास' भाद्रपद-आश्विनातच येतं.

आमची नाव पुढे एका वर्षी जुलैत निघाली. नवे साहेब आले होते आणि त्यांनी उधाण टाळून भांगाचा दिवस निवडला. पाऊण तास जाळं ओढून मी परत आले तेव्हा उलट्यांनी बेजार होते. पण बाटली कोको घातल्यासारखी तपकिरी दिसत होती. एक मिलिलिटर पाणी मोजणीच्या काचेत घेतलं. पन्नास मिलिमीटर लांब, वीस रुंद, एक खोल, त्यावर चौकटी आखलेल्या. एरवी मी सगळ्या चौकटी मोजत असे. त्या दिवशी पहिल्याच चौकटीत माझा आकडा चुकला, इतक्या साखळ्या एकमेकींत गुंतल्या होत्या. पातळ करून, पुन्हा पातळ करून मोजलं. रात्री आठ वाजता मी रकान्यात आकडा लिहिला आणि शाईवर टीपकागद दाबून धरला. कितीतरी वर्षं कोऱ्या राहिलेल्या जुलैला आता एक आकडा होता.

आता आपण बरंच पाहू शकतो असं वाटतं. १९९९ साली भारताने समुद्राचा रंग टिपणारा ओशनसॅट उपग्रह सोडला. हैदराबादहून मच्छीमारांना मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे याचे संदेश येतात. त्या संदेशांना पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांचा आधार असतो. पण पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर ढग बसतात, आणि रंग टिपणारा उपग्रह ढगांतून पाहू शकत नाही. पुन्हा तेच तीन महिने.

रापणही पूर्वीची राहिली नाही. नायलॉन आलं, यांत्रिक नौका आल्या, थवा किनाऱ्याला लागायच्या आधीच खोल पाण्यात घेरला जाऊ लागला. गोव्यात १९७०च्या दशकात रापणकर रस्त्यावर उतरले. आपल्याकडे थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली राज्य सरकारने मर्यादा आणल्या. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी आहे, आणि ती माशांच्या विणीसाठी आहे हे सगळे सांगतात. त्या विणीला पोसणाऱ्या पिकाचं कुणी बोलत नाही. दरम्यान अरबी समुद्र तापतोय. पाणी जितकं तापतं तितकं वरचं झाकण घट्ट बसतं. उत्तर अरबी समुद्रात २०००नंतर हिवाळ्यात नॉक्टिल्यूकाचा हिरवा प्रकार पसरू लागला आहे. मालवणात यंदाचा बांगडा कमी का आला, असं कुणी विचारलं, तर उत्तर जुलैच्या पाण्यात शोधावं लागेल. ते पाणी कुणी बाटलीत भरलेलं नसेल, तर प्रत्येकजण शेजारच्या नौकेकडे बोट दाखवेल. आमच्याकडे अर्धी भांडणं अशा न मोजलेल्या महिन्यांवरून होतात.

निवृत्त झाल्यावर मी मालवणला परत आले. मोजणीची एक काच आणि जुना सूक्ष्मदर्शक विकत घेतला. पावसाळ्यात दर रविवारी, ओहोटीला, माझा भाचा खडकावरून दोरीला बांधलेली बादली टाकतो. नाव लागत नाही, परवानगी लागत नाही. लिटरभर पाण्यात आयोडिनचं द्रावण घालते, दोन दिवस निवळू देते, वरचं पाणी रबरी नळीने काढते आणि तळाचा साका मोजते. किनाऱ्यावरच्या बादलीतून खोल समुद्र कळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण एकाच खडकावरून, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षं घेतलेली बादली या वर्षाची त्या वर्षाशी तुलना करू देते, आणि सुब्रह्मण्यन यांचं मोठेपणही शेवटी तेवढ्याच चिकाटीत होतं. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत कितीतरी कॉलेजं आहेत, प्रत्येकात सूक्ष्मदर्शक आहे. जीवशास्त्राच्या मुलांनी आणि रापणकरांच्या मुलांनी मिळून हे करावं, असं मी भेटेल त्याला सांगते. दोन कॉलेजांनी हो म्हटलंय.

आजोच्या वहीत प्रत्येक हंगाम नव्या पानावर सुरू होतो, म्हणून ज्येष्ठानंतर पानाचा खालचा भाग मोकळा राहिला आहे. त्यात मी काही लिहिलं नाही. त्याची वही त्याची. माझी वेगळी आहे, छापील रकान्यांची. गेल्या आषाढातल्या पहिल्या रविवारी पाणी नदीच्या मातीने लाल होतं, भाचा म्हणाला, "मावशे, ह्येच्यात काय गावतला?" मंगळवारी काच लावली. मातीच्या कणांमधून स्केलेटोनेमाच्या साखळ्या दिसत होत्या, बारीक, सरळ, मण्यांच्या माळेसारख्या. त्याला बोलावून दाखवल्या. तो बराच वेळ नळीला डोळा लावून होता, मग त्याने स्वतःहून पेन घेतलं आणि विचारलं, आकडा कुठल्या रकान्यात लिहू?